क्रूझवर सोनं-खडे घेताना फसू नये म्हणून काय बघायचं? (आई ऐकत नाहीये)

सावद्याची_लेक
नमस्कार मंडळी. माहेर सावदा, मी सध्या जळगावला. आई-बाबा, मामा-मामी आणि गल्लीतली अजून दोन जोडपी अशी आठ जणं पुढच्या महिन्यात सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझला चाललीत, चार रात्रींचं पॅकेज आहे. केळीचे पैसे आले तसे बाबांनी मागचापुढचा विचार न करता बुकिंग करून टाकलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, जन्मभर राबलेत, फिरू देत. पण मामीने कुठलातरी व्हिडिओ बघितलाय की जहाजावर टॅक्स लागत नाही म्हणून सोनं तोळ्यामागे कितीतरी हजारांनी स्वस्त पडतं आणि फुकेतला माणिक-नीलम मातीमोल भावात मिळतात. आता आखाजीनंतर मामेबहिणीचं लग्न आहे, त्यामुळे दोघींनी यादीच केलीये. आईने तर परकराला आतून खिसा शिवायला टाकलाय पैसे ठेवायला, शिंपी मला विचारत होता ताई एवढा मोठा कशाला म्हणून.

मी नको म्हटलं तर "तुला काय कळतं, तू कुठे गेलीस जहाजावर" असं ऐकावं लागतं. तेव्हा जे जाऊन आलेत किंवा ज्यांना सोन्यातलं कळतं त्यांनी सांगा, खरंखोटं तिथल्या तिथे कसं ओळखायचं? मी त्यांना वाचून दाखवीन.

निवृत्त_गार्ड_भुसावळ
ताई, आमचा अनुभव तिकडचा नाही, अमेरिकेकडचा आहे, पण जहाजाची तऱ्हा सगळीकडे तीच असणार. मुलगा ह्यूस्टनला असतो, त्याने आम्हाला गॅल्व्हेस्टनहून क्रूझला नेलं होतं, मेक्सिकोत कोझुमेल नावाचं बेट आहे तिथपर्यंत. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की जहाज बंदराला लागलं की जहाजावरची दुकानं बंद आणि समुद्रात आत गेलं की उघडी, कारण आत कुणाचा कर लागू नाही. म्हणून लोकांना वाटतं स्वस्तच असणार. अहो पण कर नाही म्हणजे किंमत कमी असं कोणी सांगितलं? दुकानदार किंमतच चढी लावतो आणि मग त्यातून "डिस्काउंट" देतो.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये एका पोरीचं भाषण, बंदरात काय घ्यावं, कुठे घ्यावं, शेवटी सगळ्यांना नकाशा वाटला आणि त्यावर ठराविक दुकानांना खुणा केलेल्या. मला वाटलं जहाजवाल्यांनी तपासून दिलेली दुकानं असतील. मुलगा म्हणाला बाबा, त्या दुकानांनी नकाशावर यायला पैसे भरलेले असतात, ही जाहिरात आहे. वर एक कूपन, एका दुकानात ब्रेसलेट फुकट आणि बाकीच्या दुकानांत त्याला अडकवायचं एकेक पदक फुकट, कुठे कासव कुठे मासा. आमच्या सौ.नी त्या कासवापायी भर उन्हात पाच दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी आत गेलं की खुर्ची, थंड पेय आणि "मॅडम जस्ट सी".

तिथे एक निळा-जांभळा खडा फार खपवत होते, टांझानाइट. खडा खराच असतो हे सांगून ठेवतो, टांझानियात मेरेलानीच्या टेकड्यांत तेवढाच सापडतो, १९६७ ला मिळाला. पण "खाण संपत आली, नातवाच्या वेळी दहापट होईल" हे जे सांगतात ना, ते आपल्याकडे प्लॉटवाले सांगतात तसंच. विकायला गेलात तर निम्मेही हाती येत नाहीत.

आणि खरं फसलो ते जहाजावरच. डेकवर टेबल मांडून रिळाला गुंडाळलेली चेन विकत होते, इंचावर! गळ्याला लावून मोजायची, कापायची, हूक लावून द्यायचा. पाटीवर १४ कॅरेट ठळक आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लेयर्ड. म्हणजे वरून मुलामा, मी चष्मा केबिनमध्ये विसरलेलो. दोन चेन घेतल्या, एक सुनेला एक लेकीला. भुसावळचा मे महिना तुम्हाला माहितीये, पारा पंचेचाळीसच्या पुढे, लेकीच्या गळ्याभोवती हिरवट पट्टा उमटला. घेऊन गेलो आमच्या नेहमीच्या सराफाकडे. त्याने कसोटीवर रेघ ओढली, ॲसिडचा थेंब टाकला, रेघ गेली. माणूस काही बोललाच नाही हो, पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले. तेव्हाच समजलो.

धुळ्याचा_ढोल्या
जळगावात राहून सोनं घ्यायला समुद्रात?? पैसा काय झाडले लागतस का 😂 अख्खा महाराष्ट्र सोन्याला सुवर्णनगरीत येतो आणि सुवर्णनगरीवाले चाललेत फुकेतला. भरीत खायला लंडनला जा आता.

सावद्याची_लेक
@ढोल्या दादा हेच मी बोलले तर दोन दिवस अबोला होता घरात. मुद्द्याचं सांगा ना कोणी.

कसोटीवाला
ताई मी सराफ बाजारात कारागीर आहे, बावीस वर्षं झाली दागिन्यांना टाके मारतोय, म्हणजे डाग देऊन जोडतोय. मुद्द्याचं सांगतो.

आधी आकडे पाठ करून घ्या. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९ कॅरेट, चांदीला ९२५. आता गंमत अशी की शिक्का मारायचं पंच कोणालाही मिळतं, त्यामुळे नुसता आकडा दिसला म्हणजे झालं असं नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर एचयूआयडी म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा ओळख नंबर लागतो, सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या सेंटरने हॉलमार्क केला ते दिसतं. बाहेरच्या मालाला हा नंबर नसतो, सिंगापुरात तर हॉलमार्क सक्तीचाच नाही, चांगली दुकानं स्वतःहून करून घेतात ती गोष्ट वेगळी. म्हणजे तिथे भरवसा दुकानाचा, आणि जे दुकान तुम्हाला परत कधी दिसणार नाही त्याचा भरवसा काय धरायचा?

शिक्क्याच्या शेजारी जीपी, जीएफ, एचजीई अशी अक्षरं असली तर हात मागे घ्या, सगळे मुलाम्याचे प्रकार. जीएफमध्ये वजनाच्या विसाव्या भागाएवढा सोन्याचा पत्रा असतो म्हणून बरीच वर्षं टिकतं, पण ते सोनं म्हणून मोडता येत नाही. आणि लोक लोहचुंबक घेऊन फिरतात ते सोडा, पितळ आणि तांबं पण चुंबकाला चिकटत नाही. उलट खऱ्या सोन्याच्या चेनचा हूक चिकटतो कारण आत स्टीलची स्प्रिंग असते, मागच्याच आठवड्यात एक बाई त्यावरून माझ्याशी भांडून गेल्या. त्यापेक्षा हाताला वजन कळतं. २२ कॅरेट पितळेच्या दुप्पट जड असतं, तुमच्या आईने तीस वर्षं पोत वागवलीये, त्यांचा हात फसणार नाही, डोळा फसेल.

दुकानात मशीनवर टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढून दाखवली तरी ते मशीन वरचा थर वाचतं, जाड मुलामा असला तर आतलं पितळ त्याला दिसत नाही. हिरा तपासायच्या पेनाचं तेच, टेकवला आणि पीं पीं वाजलं की लोक खूश, ते मोइसनाइटला, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्याला पण वाजतं आणि लॅबच्या हिऱ्याला तर वाजणारच. हिरा घ्यायचाच असेल तर जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट नंबर त्यांच्या साइटवर तिथेच मोबाईलवर टाकून बघा आणि हिऱ्याच्या कडेला लेझरने कोरलेला नंबर भिंगातून जुळवा. दुकानाने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे लग्नाच्या पत्रिकेएवढंच कामाचं.

माणिक: २००४ च्या आसपास काचभरीचा माल बाजारात आला, तडे गेलेल्या दगडात शिशाची काच वितळवून भरतात, लाल चुटूक दिसतो. अंगठी घालून लिंबू पिळलं तरी काच खराब होते. सोनाराने टाक्याला दिवा लावला की संपलंच. माझ्याकडे आले असे दोन, परत देताना माझ्यावरच आळ.

आता भावाचं बोला. सिंगापुरात दागिन्यावर ९ टक्के जीएसटी, आपल्याकडे ३. घडणावळ तिथेही लागते. मोडायला आणलं की नंबर नाही म्हणून इथला सराफ तूट जास्त धरणार. मग स्वस्त कुठे राहिलं ते तुम्हीच मामींना मांडून दाखवा.

नंदुरबारची_पुण्यात
थायलंडचं मी सांगते, दोनदा गेलेय. तिथे एक ठरलेला डाव आहे आणि बँकॉकमध्ये तो इतका जुना आहे की हसू येईल. देवळाच्या नाहीतर राजवाड्याच्या बाहेर छान कपड्यातला माणूस भेटतो, म्हणतो आज सण आहे बंद आहे, पण नशीबवान आहात, आज सरकारी रत्नांचा सेल आहे शेवटचा दिवस. शेजारीच टुकटुकवाला तयार, भाडं नावापुरतं. दुकानात अजून एक गिऱ्हाईक बसलेलं असतं, ते सांगतं मी दर वर्षी नेतो आणि घरी दुप्पट भावाने विकतो. असा सरकारी सेल नसतोच. टुकटुकवाल्याला दुकानातून कमिशन नाहीतर पेट्रोलचं कूपन मिळतं म्हणून तो इतका गोड बोलतो. फुकेतला जहाजावरून उतरलं की बाहेर टॅक्सी-टुकटुकवाले गराडा घालतात, "वन शॉप टेन मिनिट" म्हणतील, आईंना सांगा बसताना आधी नो शॉप म्हणायचं.

पण एक, थाई सोनं म्हणजे खोटं असं नाही हं. लाल रंगाच्या दुकानांत मिळतं ते ९६.५ टक्के असतं, आपल्या २२ पेक्षा चोख, आणि ते बाथवर मोजतात. दागिन्याचा एक बाथ म्हणजे १५.१६ ग्रॅम. लोक इथेच गोंधळतात, चलन पण बाथ आणि वजन पण बाथ. भाव दारावर लिहिलेला असतो. रस्त्यावर, बोटीवर, खडेवाल्यांच्या एसी शोरूममध्ये मात्र नको म्हणजे नको.

कार्डाने पैसे द्या, रोख अजिबात नाही, म्हणजे तो परकराचा खिसा कॅन्सल 😄 मशीनवर रुपयांत की बाथमध्ये विचारलं तर बाथच दाबायचं, रुपयांत केलं तर रेट वाईट लागतो. आणि बिलावर लिहून घ्यायचं, किती कॅरेट, किती ग्रॅम, खडा नैसर्गिक आहे आणि त्याला काय केलंय. तोंडी सगळे हो म्हणतात, लिहायची वेळ आली की कळतं. नंतर बँकेशी भांडायचं झालं तर हाच कागद लागतो.

सावद्याची_लेक
कसोटीवाले दादा आणि ताई, दोघांचंही वाचून दाखवलं. मामी म्हणे कारागीर आहे तो असंच बोलणार, त्याचं गिऱ्हाईक जातं ना. पण आई जरा विचारात पडली. अजून एक, येताना मुंबई विमानतळावर कस्टमचं काय? मामी म्हणतात बाईला ४० ग्रॅम माफ असतं.

निवृत्त_गार्ड_भुसावळ
ती सूट वर्षभराहून जास्त बाहेर राहून परत येणाऱ्यांना ताई. बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २०. चार रात्रीच्या टुरिस्टला ती नाही. आणि जाताना अंगावर बरंच सोनं घालून चालल्या असतील तर निघतानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर येताना हे आमचंच म्हणून सिद्ध करत बसावं लागतं. त्यापेक्षा मंगळपोत सोडून बाकी लॉकरला.

आणि पोवळं-शंख असलं काही घेऊ नका. काळ्या पोवळ्याला तर आपल्याकडे वन्यजीव कायद्याची बंदी आहे, खरं निघालं तर जास्त पंचाईत.

सावद्याची_लेक
(पाच आठवड्यांनी) मंडळी, आली सगळी सुखरूप. वृत्तांत द्यायलाच हवा.

जहाजावर काही घेतलं नाही, कारण मामाने चष्मा लावून प्रत्येक पाटीचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मामी लाजून लांब जाऊन उभ्या राहिल्या. पण फुकेतला टुकटुकवाल्याने नेलंच, नो शॉप म्हणूनसुद्धा. काचेच्या पलीकडे पांढरे कोट घालून खडे घासणारी माणसं, नारळपाणी, सगळं वर्णनाबरहुकूम. मामीला माणकाची अंगठी पसंत पडली, भाव निम्म्यावर आला, मामाचं कार्ड बाहेर निघालं. तेवढ्यात आई म्हणाली बिलावर लिहा की यात काच भरलेली नाही. टूरमधल्या एका मुलाने इंग्रजीत सांगितलं. पोरगी गेली, मॅनेजर आला, तो फोनवर बोलला, परत आला तो म्हणाला आमचं बिल कॉम्प्युटरचं आहे, त्यात असं लिहिता येत नाही. आई म्हणाली मग पेनाने लिही. नारळपाणी तिथेच अर्धं राहिलं.

बाहेर येऊन बघतात तर टुकटुक गायब. खरेदी नाही म्हणजे कमिशन नाही, तो कशाला थांबेल. दोन-अडीच किलोमीटर चालत गेली आठही जणं, मामी पूर्ण वाट एक शब्द बोलल्या नाहीत.

धक्क्याजवळ आईने मोत्यांची माळ घेतली, तीनशे बाथची. चलनाचे बाथ, वजनाचे नाही 😄 तिने दाताला घासून बघितलं, खरा मोती खरखरीत लागतो, हे गुळगुळीत, म्हणजे खोटं हे पक्कं करूनच घेतली. आता लग्नात घातली होती तर सगळ्या बायका विचारतायत कुठून आणली, केवढ्याला. आई खरं सांगते तीनशे बाथ, खोटे आहेत म्हणून. एकीलाही पटत नाही. सगळ्यांना वाटतंय की भाव लपवतेय.

धुळ्याचा_ढोल्या
त्या माळेचा फोटो टाका, आमच्या सौ.नी विचारलंय.