मदत हवी आहे: ४० मीटर, ५ वॅट, आउटपुट साफ होत नाही

धुकं_आणि_मोर्स: तीन आठवडे अडकलोय. हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर, ७.०५० मेगाहर्ट्झला, सीडब्ल्यूसाठी (मोर्स) आयआरएफ ५१० या मॉस्फेट ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर केला, पाच वॅट व्यवस्थित निघतात. पण आरटीएल-एसडीआर डाँगलवर (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) १४.१ ला उंच दांडा, म्हणजे नको असलेला सिग्नल, दिसतो आणि २१.७५ ला अजून एक. फिल्टर लावलाय. दुसऱ्यांच्या बँडवर घाण टाकायची नाही, म्हणून अजून अँटेना जोडलेली नाही. रविवारी मित्राशी वेळ ठरलीय, लवकर सांगा.

लोखंडी_पूल: फिल्टर कुठला? व्होल्टेज किती? सर्किट टाका.

सोल्डरची_वाफ: एकाच मॉस्फेटने हे होणारच. पुश-पुल करा (दोन मॉस्फेट आलटून-पालटून), दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, आपोआप कटतो. अशर फरहान यांच्या मायक्रोबिटेक्स या ट्रान्सीव्हर किटमध्ये दोन आयआरएफ ५१० तसेच आहेत. मी वर्षभर वापरतोय.

जुनी_कॉइल: दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर कटतो. आणि त्याच मायक्रोबिटेक्सच्या सुरुवातीच्या बोर्डांत फिल्टर असूनही ते बदलणाऱ्या रिले स्विचांभोवतून हार्मोनिक गळत होते, पाचव्या आवृत्तीत मांडणी बदलावी लागली. पुश-पुल म्हणजे फिल्टरला सुट्टी नव्हे.

सोल्डरची_वाफ: सुट्टी द्या असं मी म्हटलेलंच नाही.

माडाखाली: लायसन्स आहे ना? भारतात ४० मीटर ७.२०० पर्यंतच आहे.

धुकं_आणि_मोर्स: लायसन्स आहे. १२ व्होल्ट. फिल्टर म्हणजे एक कॉइल, दोन कपॅसिटर. डाँगल डायरेक्ट सॅम्पलिंगवर (येणारा सिग्नल थेट मोजतो), डमी लोडशेजारी, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरशेजारी, वीतभर तार ठेवलीय.

जुनी_कॉइल: हे आधी सांगायचं होतं! ७.०५ ची तिप्पट २१.१५ होते, २१.७५ नव्हे. डाँगलचं क्लॉक २८.८, त्यातून ७.०५ वजा करा, २१.७५ येतं. ती डाँगलमधली सावली आहे, तिचा नाद सोडा.

१४.१ मात्र तपासा. तार वरची फ्रिक्वेन्सी जास्त उचलते, म्हणून डमी लोडवरून मोठ्या रेझिस्टरमधून थोडासाच सिग्नल घ्या. मग डाँगलच्या तोंडाशी १० डेसिबलचा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे रेझिस्टर) लावा: मध्ये ६८ ओहम, दोन्हीकडून अर्थला १००. दांडा १० ने उतरला तर खरा. २० ने उतरला तर डाँगलच भरून गेलाय, दांडा तोच बनवतोय.

माडाखाली: अँटेना कोणती लावणार? इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच, दोन्ही हात खाली उतरते) असेल तर दोन्ही हात दहा-दहा मीटर धरा.

धुकं_आणि_मोर्स: पॅड लावला. दांडा ११ ने उतरला. म्हणजे खराच. पॅड लावूनही मूळ सिग्नलपेक्षा जेमतेम ३२ डेसिबल खाली आहे.

जुनी_कॉइल: मग अॅम्प्लिफायर मोडू नका, फिल्टर वाढवा. अमेरिकेत ३० मेगाहर्ट्झखाली हार्मोनिक मूळ सिग्नलच्या ४३ डेसिबल खाली असण्याची अट आहे, आपणही तेवढं तरी गाठावं. सात घटकांचा करा: कपॅसिटर २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड, सगळे एनपीओ (तापमानाने न बदलणारे). कॉइल टी-३७-६ या पिवळ्या रिंगवर २१, २४, २१ वेढे. तार रिंगच्या आतून जितक्यांदा गेली तितके वेढे मोजायचे, यात हमखास चूक होते. कपॅसिटरचे पाय कापून अर्थला चिकटवा. इनपुट एका टोकाला, आउटपुट दुसऱ्या.

धुकं_आणि_मोर्स: माझ्या कपॅसिटरचे पाय बोटाच्या पेराएवढे आहेत, आणि आत-बाहेरच्या तारा एकत्र वळून आणल्यात. आज रात्रीच सोडवतो. टी-३७-६ पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मिळेल का? माझ्याकडे लाल टी-५०-२ आहेत.

लोखंडी_पूल: लालवर १७, १९, १७ घ्या, थांबू नका. मोजून इथे कळवा.

सोल्डरची_वाफ: आणि मॉस्फेटच्या पाठीवर ड्रेन असतो, म्हणजे तिथे व्होल्टेज असतं; ती आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रक घातलाय ना?