मदत हवी आहे: आयपीव्ही ६ चा पत्ता छोटा करून लिहिताना नेमकी कुठली शून्यं काढायची?

हळदपेठ
नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितोय. मार्केट यार्डात काकांची हळदीची अडत आहे, तिथलं कॉम्प्युटर, कॅमेरे, बिलिंग सगळं मीच बघतो. नेटवर्किंग कुठं शिकलेलो नाही, करत करत जेवढं जमलं तेवढं. तीन दिवस झाले एका पत्त्यात अडकलोय, कृपया मदत करा.

झालं असं की आमच्या नेटवाल्यानं मागच्या महिन्यात लाईन बदलली आणि तेव्हापासून घरून मोबाईलवर दुकानातले कॅमेरे दिसायचे बंद झाले. फोन केला तर म्हणे जुना पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट आपल्या लाईनपर्यंत पोचायचा पत्ता) आता मिळणार नाही, आयपीव्ही ६ वर, म्हणजे नव्या लांब पत्त्यांवर घ्या. त्यांचा मुलगा आला, राऊटरमध्ये एका पत्त्यासाठी बाहेरून यायची वाट मोकळी करून गेला आणि हाच पत्ता डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं मशीन) टाका म्हणून शेतकऱ्याच्या हिशोबाच्या एका पट्टीच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं लिहून दिला. आता फोन उचलत नाही. इकडं सौदे जोरात सुरू आहेत, रात्री शेडमध्ये पोती पडलेली असतात, शेतकऱ्यांचा माल आहे तो, काका ६८ वर्षांचे आहेत आणि रात्री दोनदा उठून गाडीवरनं यार्डात चक्कर मारून येतात. मला ते बघवत नाही म्हणून हे लवकर व्हायला पाहिजे.

पत्ता असा आहे (सुरुवात बदललीय, नेटवर उदाहरणांत असते तशी टाकलीय, मागचा भाग आहे तसाच. इंग्रजी अक्षरं आणि आकडे इथं मराठीत लिहितोय, डीव्हीआरवर इंग्रजीतच टाकलेत):

२००१:०डीबी८:००००:००००:००ए४:००००:००००:०१५०

डीव्हीआरला कीबोर्ड नाही, स्क्रीनवरची एकेक कळ माऊसनं दाबायची, त्यात दोन वेळा मधेच चुकलं, म्हणून म्हटलं छोटा करून टाकू. शून्यं काढता येतात आणि दोन कोलन (::) जोडून दिले की चालतं एवढं ऐकून होतो. मी तीन प्रकारे टाकून बघितला:

२००१:डीबी८::ए४::१५० हा घेतलाच नाही, इनव्हॅलिड म्हणतो.
२००१:डीबी८::ए४:१५० हा घेतला, सेव्ह पण झाला. दुकानात वायफायवर कॅमेरे दिसतात, बाहेरून नाही.
२००१:डीबी८::ए४:०:०:१५ हा पण घेतला, पण बाहेरून तेच, नाही.

पहिला का घेत नाही आणि घेतलेले दोन का चालत नाहीत? आणि पत्त्याच्या पुढं स्लॅश ६४ लिहिलंय ते काय? शिवाय डीव्हीआरच्या पानावर एफई८० ने सुरू होणारा अजून एक पत्ता आपोआप आलाय, तो मोबाईलला टाकून बघितला, तोही चालला नाही.

कृष्णाकाठ
भावा घाई असंल तर सावकाश बसून पूर्णच टाक की, पूर्ण पत्ता कधीच चुकीचा नसतो. आणि हातानं लिहिलेलं परत एकदा नीट वाच, कॅपिटल बी आणि ८ सारखेच दिसतात, डी आणि ० पण. आमच्याकडं मिरजेत एकाचा अर्धा दिवस त्यातच गेला होता.

अजिंक्यतारा
साताऱ्यातून. हळदपेठ, तुम्ही जे तीन प्रकार लिहिलेत ना त्यात जवळजवळ सगळा विषय आलाय, एकेक घेतो.

आधी पत्त्याचा सांगाडा. एकूण १२८ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), त्याचे आठ गट, प्रत्येक गट १६ बिटांचा, एका अक्षरात चार बिट, म्हणून गट चार अक्षरी. अक्षरं ० ते ९ आणि पुढं ए ते एफ, म्हणजे ए म्हणजे दहा आणि एफ म्हणजे पंधरा. कॅपिटल लिहा नाहीतर स्मॉल, मशीनला फरक पडत नाही, लिहायची शिफारस स्मॉलची आहे.

आता शून्यं. गटाच्या सुरुवातीची शून्यं काढायची, शेवटची कधीच नाही. तुमच्या पट्टीचंच उदाहरण घ्या, पट्टी नंबर ०१५० आणि १५० एकच, पण १५ म्हटलं की दुसऱ्याच शेतकऱ्याचा हिशोब निघेल. तुमचा तिसरा प्रकार तिथं चुकला, बाकी तो बरोबर होता. ०डीबी८ चं डीबी८, ००ए४ चं ए४, ०१५० चं १५०. आणि गट सगळाच शून्य असेल तर एक ० ठेवायचं. म्हणजे पहिल्या पायरीला तुमचा पत्ता होतो:

२००१:डीबी८:०:०:ए४:०:०:१५०

इथंच थांबलात तरी चालतं, आणि माऊसनं कळा दाबायच्या असतील तर हे पण पुष्कळ कमी झालं.

दुसरी पायरी, जोडलेले कोलन म्हणजे डबल कोलन. त्याचा अर्थ "इथं सलग शून्याचे गट आहेत, किती ते आठातून मोजून घ्या". हे मोजणं जमायला पाहिजे म्हणून डबल कोलन पूर्ण पत्त्यात एकदाच येतं. तुमचा पहिला प्रकार बघा, त्यात दिसणारे गट चार, म्हणजे चार गट गायब. पण ते दोन ठिकाणी वाटायचे कसे? पुढं एक मागं तीन, दोन-दोन, का पुढं तीन मागं एक? तीन वेगवेगळे पत्ते निघतात, मशीन अंदाज करत नाही, म्हणून सरळ इनव्हॅलिड.

दुसरा प्रकार सगळ्यात फसवा आहे, कारण तो चुकीचा नाहीये, तो दुसराच पत्ता आहे. २००१:डीबी८::ए४:१५० उलगडा, चारही शून्य गट मधे एकत्र येतात:

२००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:००ए४:०१५०

ए४ पाचव्या जागेवर पाहिजे होता तो सातव्यावर गेला. डीव्हीआरनं तो घेतला कारण लिहिण्यात काही चूक नाही. दुकानात चालला कारण पहिले चार गट तेच राहिले, आणि स्लॅश ६४ म्हणजे तेच, सुरुवातीचे ६४ बिट म्हणजे पहिले चार गट तुमच्या नेटवर्कचे आणि उरलेले चार त्यातल्या त्या मशीनचे. पण त्या मुलानं राऊटरमध्ये वाट मोकळी केलीय ती पट्टीवरच्या पत्त्याला, ह्याला नाही, म्हणून बाहेरून राऊटर अडवतो. तिसऱ्याचं पण तेच कारण.

मग बरोबर छोटा कुठला? तुमच्याकडं शून्याच्या दोन जोड्या आहेत, त्यातली कुठलीही एकच जोडी काढता येते, दोन्ही लिखाणं वैध. पण एकाच पत्त्याची दहा रूपं झाली की शोधताना, लॉग (मशीननं ठेवलेल्या नोंदी) बघताना घोळ होतो म्हणून ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५९५२ हे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र आलं, त्यात एक रूप ठरवून दिलंय. सगळ्यात लांब शून्यांची रांग काढा, रांगा सारख्या असतील तर पहिली काढा, आणि एकटाच शून्य गट असेल तर त्याला डबल कोलन लावू नका, ० लिहा. त्याप्रमाणं तुमचा पत्ता:

२००१:डीबी८::ए४:०:०:१५०

तपासायची माझी पद्धत एकच, छोटा केलेला पत्ता कागदावर परत आठ गटांचा करायचा आणि मूळ पत्त्याशी ताडून बघायचा. तुमचा दुसरा प्रकार असा ताडला असता तर लगेच सापडला असता.

एफई८० वाला पत्ता सोडून द्या, तो त्याच वायरवर किंवा वायफायवरच चालतो, राऊटर त्याला पुढं जाऊच देत नाही. प्रत्येक मशीन तो स्वतःच बनवून घेतं. आणि सुरुवात बदलून टाकलीत ते फार चांगलं केलंत, २००१:डीबी८ ही सुरुवात उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे, खऱ्या इंटरनेटवर ती कुणालाच देत नाहीत.

नेटवाल्याबद्दल थोडंसं. जुना पत्ता (आयपीव्ही ४) ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि त्याचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. त्यामुळं आता एकाच पब्लिक आयपीमागं खूप गिऱ्हाइकं बसवतात, तिथं बाहेरून आत यायला वाटच उरत नाही. त्यानं आयपीव्ही ६ दिलं ते योग्यच दिलं, पण एवढा पत्ता पट्टीवर खरडून निघून जायला नको होतं, दहा मिनिटं थांबून चालू करून दाखवायचं.

हळदपेठ
दादा खूप खूप आभार, एवढं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. ए४ सातव्या जागेवर गेला हे वाचल्यावर पट्टी काढून एकेक गटाखाली आकडे घातले, खरंच तसंच निघालं. आता बरोबर पत्ता टाकला आणि वायफाय बंद करून जिओच्या डेटावर ॲपमध्ये बघितलं तर शेडचा कॅमेरा दिसला!! पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये पत्ता आणि पुढं कोलन देऊन पोर्ट (मशीनवरच्या दाराचा नंबर) ८०८० टाकला तर उघडतच नाही, सर्चमध्येच जातंय.

अजिंक्यतारा
वा! ब्राउझरमध्ये पत्ता चौकोनी कंसात टाकायचा, कारण पत्त्यातच कोलन आहेत, शेवटचा कोलन पत्त्याचा का पोर्टचा हे त्याला कळत नाही. असं:

एचटीटीपी://[२००१:डीबी८::ए४:०:०:१५०]:८०८०

कंसाच्या बाहेर पोर्ट. आणि दोन गोष्टी आजच करा. डीव्हीआरचा कंपनीचा पासवर्ड बदला, कारण आता तो थेट बाहेरून दिसतोय, आणि राऊटरमध्ये ८०८० आणि ॲपला लागतो तेवढाच पोर्ट उघडा आहे ना बघा. नेटवाल्याला हे पण विचारा की पहिले चार गट कायमचे आहेत का बदलत राहणार, बदलणारे असले तर एक दिवस परत बंद पडेल आणि तुम्ही शून्यं मोजत बसाल.

हळदपेठ
कंसात टाकल्यावर उघडलं. पासवर्ड बदलला. राऊटरमध्ये त्या मुलानं सगळेच पोर्ट उघडे ठेवले होते, दोन सोडून बाकी बंद केले. पहिल्या चार गटांचं उद्या त्यांच्या ऑफिसात जाऊनच विचारतो, फोनवर नाही. पूर्ण आठ गटांचा पत्ता काकांच्या रोजमेळाच्या वहीत पहिल्या पानावर स्मॉल अक्षरांत लिहून ठेवलाय, खाली छोटा केलेला. काकांनी रात्री साडेअकराला अंथरुणातूनच मोबाईलवर शेड बघितली, दोन वेळा पोती मोजली, आणि झोपले.