पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडतोय, मदत हवी आहे (अर्जंट)

ओतूरकर_पिकअप
जुनी डिझेल पिकअप आहे. फ्यूज टाकला की उडतो. वायरमन बघून गेला, म्हणतो सगळं वायरिंगच नवीन टाका. तेवढे पैसे असते तर गाडीच बदलली नसती का. मीटर लावून बघितलं तर वायर आणि बॉडीमध्ये टीं वाजतंय, म्हणजे शॉर्ट आहे एवढं मलाही कळतं. तो कुठे आहे ते कसं शोधायचं एवढंच सांगा. उद्या रात्री माल भरून माळशेजने वाशीला जायचंय. बॅटरी नवीन आहे, बॅटरी बदला म्हणू नका.

खडखडाट
कुठला फ्यूज? किती अँपिअरचा? चावी फिरवली की जातो का बटण फिरवलं की? साल कुठलं? ब्रेक लाइट लागतात का?

डिझेलदास
बॅटरी नवीन असली तरी रात्रभरात उतरत असेल. निगेटिव्ह काढा, मीटर सिरीजमध्ये लावा, सगळं बंद करून रीडिंग घ्या. ५० मिलिअँपिअरच्या वर गेलं तर काहीतरी करंट खातंय. माझ्या गाडीत टेप खात होता. काढून फेकला, तेव्हापासून शांतता.

ओतूरकर_पिकअप
अहो बॅटरी उतरतच नाहीये. शीर्षक तरी वाचा. लाल फ्यूज, १० चा. बटण पहिल्या खटक्यावर नेलं की गेलाच. हेडलाइट लागतात, ब्रेक लाइट लागतात. डॅशबोर्ड मात्र अंधारात. गाडी २००८ ची.

गल्लीबोळ
१० च्या जागी पिवळा २० चा टाका आणि निघा. आमच्याकडे सगळ्या टेम्पोंना तसंच आहे. रस्त्यात अडलं तर तांब्याची तार.

वायरवेडा
@गल्लीबोळ कृपया असले सल्ले देऊ नका. फ्यूज गाडीला त्रास द्यायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. टेल लॅम्पची वायर बारीक असते. २० टाकलात तर फ्यूज टिकेल आणि वायर तापेल. शेजारी डिझेलचा पाइप जातो हे विसरू नका.

गल्लीबोळ
पंधरा वर्षं चालवतोय, काही जळलेलं नाही. पुस्तकी लोकांनी धागा ताब्यात घेतला की असंच होतं.

वायरवेडा
ओतूरकर, मीटरच्या टीं वर जाऊ नका. होल्डरमध्ये बल्ब असताना तपासलंत ना? ५ वॅटच्या बल्बची तार थंड असताना जेमतेम दोन-तीन ओहम भरते, आणि सगळे पार्किंगचे बल्ब समांतर असतात. मीटर टीं करणारच, गाडी ठणठणीत असली तरी.

असं करा. पार्किंगचे पुढचे-मागचे सगळे बल्ब काढा, नंबर प्लेटचा आणि डॅशबोर्डचे विसरू नका. मागचे दोन तारांचे असतात, २१/५ वाले, तेही काढा. मग फ्यूजच्या जागी जुना हेडलाइटचा बल्ब दोन वायरी जोडून लावा, ६० वॅटची एकच तार वापरा. पार्किंग चालू करा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, आणि पाच अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, त्यामुळे फ्यूजही वाया जात नाहीत आणि वायरही तापत नाही. बल्ब प्लास्टिकला टेकू देऊ नका, भाजतो.

आता एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवत जा. ज्या क्षणी विझेल, शॉर्ट त्या कपलरच्या पुढे आहे. आधी केबिनमागे चेसिसवरचा मोठा कपलर सोडवा, त्याने अर्धी गाडी एका झटक्यात बाद होते.

होकायंत्री
याहून सोपं, होकायंत्र! फ्यूजच्या जागी आपोआप तुटणारा-जुळणारा ब्रेकर लावा आणि होकायंत्र हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरून, फिरवत न्या. शॉर्टपर्यंत काटा उड्या मारतो, पुढे गप्प.

डिझेलदास
लोखंडी चेसिसवर होकायंत्र? काटा आधीच देवाच्या दारात गेलेला असेल.

होकायंत्री
चालतं. नुसता रोख बघायचा नाही, उडी बघायची. करून बघा, मग बोला.

खडखडाट
ओतूरकर, गाडीवर हल्ली काही काम केलं होतं का? वेल्डिंग, हौद्याचा पत्रा, फाळका, हुक, एलईडी पट्टी?

ओतूरकर_पिकअप
हौद्याच्या तळाला नवीन पत्रा मारून घेतला. पण ते पावसाच्या आधी, लाइट आत्ता गेले. त्याचा काय संबंध?

खडखडाट
तोच संबंध असू शकतो. पत्र्याचे स्क्रू खाली निघतात. टोक वायरला नुसतं टेकलेलं असेल तरी खड्ड्यांमध्ये हार्नेस घासत राहतो, आवरण झिजतं आणि मग एक दिवस तांबं लागतं. मेहनत वाचवायची असेल तर आधी हौद्याखाली झोपा.

नीलांबरी
माळशेजमध्ये धुक्यात मागचे दिवे नसलेली गाडी म्हणजे काय असते ते मागून येणाऱ्याला विचारा. लाइट सुटेपर्यंत निदान लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावा. आणि ते पांढरे एलईडी डोळ्यांत मारणारे...

डिझेलदास
एलईडीवर वेगळा धागा आहे ताई, तिथेही कोणी ऐकलं नाही.

ओतूरकर_पिकअप
बल्ब लावला, झगझगीत पेटला. केबिनमागचा कपलर सोडवला, विझला. परत जोडला, पेटला. टेल लॅम्पचे दोन्ही आणि नंबर प्लेटचा सोडवला तरी पेटलेलाच. मग खाली झोपून हार्नेस हातानं हलवत गेलो. मागच्या चाकाच्या वर स्क्रूचं टोक आहे, तिथून वायर बाजूला ओढली की विझतो. पोराला वर बल्बकडे बघायला बसवलं होतं. वायर थोडीच खरवडली आहे, टेप मारून निघू का?

वायरवेडा
स्क्रू तसाच ठेवून टेप मारलात तर ती टेपही फाटेल. टोक ग्राइंडरने कापा, बॅटरीचा निगेटिव्ह काढून, आणि ठिणग्या वायर-पाइपपासून लांब राहतील असं बघा. तांब्याचे तुकडे तुटले असतील तर सोल्डर करून वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) घाला.

खडखडाट
सोल्डर नको, थरथरीने जोडाच्या कडेला वायर मोडते. चांगला क्रिंप (पकडीने दाबून बसवलेला जोड) करा, वर गोंदवाली स्लीव्ह तापवून बसवा.

वायरवेडा
सोल्डरला दोन्हीकडे आधार दिला तर काही मोडत नाही. यावर आपलं आधीच झालंय.

ओतूरकर_पिकअप
टोक कापलं. तार तुटलेली नाही, नुसतं आवरण गेलंय, म्हणून टेप मारून वर रबरी नळी कापून बांधली आहे. १० चा लावला, टिकलाय. इंजिन चालू करून खडबडीत रस्त्याने एक चक्कर मारली, लाइट चालू आहेत. क्रिंप-सोल्डरचं तुम्ही ठरवा, मी माल भरायला जातो.

गल्लीबोळ
म्हणजे २० चा लागलाच नाही. पण लागला असता तरी काही झालं नसतं.