मदत हवी आहे : थर्मल पेस्ट आणि पॅड बदलल्यावर गेमिंग लॅपटॉप अधिकच तापू लागला, रॅम व एसएसडी वाढवण्याआधी काय करावे?

नमस्कार. माझ्याकडे साडेतीन वर्षे वापरलेला एक गेमिंग लॅपटॉप आहे. त्यात इंटेल कोअर आय७-११८००एच हा आठ कोअरचा प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० लॅपटॉप ग्राफिक्स (८ जीबी), १६ जीबीची एकच डीडीआर४-३२०० रॅम स्टिक आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे ती बदलता येणार नाही, हे मी धरूनच चाललो आहे. म्हणून रॅम ३२ जीबी करणे, दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये १ टीबीची एसएसडी बसवणे आणि कूलिंग सुधारणे एवढ्या तीनच गोष्टी मला करायच्या आहेत. यंत्र मला अजून किमान तीन वर्षे वापरायचे आहे आणि ते उगाच खराब होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण पुढीलप्रमाणे आहे. चार महिन्यांपूर्वी गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊ लागला, म्हणून मी मागचे झाकण उघडले, बॅटरीची जोडणी काढली, पंख्यांची पाती हाताने धरून जाळीतली धूळ काढली आणि थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यातली उष्णता वाहणारी लेई) बदलली. हीटसिंक म्हणजे चिपवर बसणारा, उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग. त्याच वेळी ग्राफिक्स मेमरीवरचे मूळ थर्मल पॅड (उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्या) निघताना फाटले. त्यांची नेमकी जाडी कुठेही लिहिलेली सापडली नाही, म्हणून फाटलेल्या तुकड्याची जाडी पट्टीने अंदाजे मोजून मी १.५ मिलिमीटर जाडीचे नवे पॅड लावले. पहिले दोन-तीन आठवडे तापमान ८६ अंशांच्या आसपास राहिले आणि मला समाधान वाटले. त्यानंतर मात्र ते हळूहळू चढत गेले आणि आता अवस्था आधीपेक्षाही वाईट आहे.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान व शक्ती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलेली मोजमापे सांगतो. खोलीचे तापमान २८ अंश होते आणि लॅपटॉप मेजावर मागच्या बाजूने साधारण अडीच सेंटिमीटर उचललेला होता. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची चाचणी सुरू होताना प्रोसेसर ९५ वॉट घेतो आणि सर्व कोअर ४ गिगाहर्ट्झच्या थोडे वर चालतात. पण अर्ध्या मिनिटातच तापमान १०० अंशांना टेकते, थर्मल थ्रॉटलिंगची (जास्त तापल्यामुळे गती आपोआप कमी होण्याची) खूण दिसू लागते आणि दोन-तीन मिनिटांनी शक्ती ५२ वॉटवर व गती २.९ गिगाहर्ट्झवर उतरते. सर्वात गरम कोअर आणि सर्वात थंड कोअर यांच्यात १६ अंशांचा फरक आहे, आणि गरम कोअर दर वेळी तेच दोन असतात. गेम खेळताना ग्राफिक्स चिपचे तापमान ८४ अंश, पण तिच्या हॉटस्पॉटचे (चिपवरच्या सर्वात गरम जागेचे) १०५ अंश दिसते. फ्रेम रेट सरासरीत बरा वाटतो, परंतु दर काही सेकंदांनी बसणारा झटका गेमचा आनंद घालवतो.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की, ही पेस्ट वाळल्याची लक्षणे आहेत, की हीटसिंक तिरका बसल्याची? तो पुन्हा उघडायचा असेल तर त्याच बैठकीत रॅम आणि एसएसडीही बसवावी, की आधी कूलिंग स्थिर होऊ द्यावे? पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचला, पण ते लावण्याचे धाडस होत नाही. प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करण्याचा प्रयत्न थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधून केला, मात्र तो पर्याय कुलूपबंद दिसतो. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद पहिला

आपण मोजमापे नीट दिलीत, त्यामुळे निदान सोपे झाले. नुसते '९५ अंश' एवढेच लिहिले असते तर काहीच सांगता आले नसते, कारण या प्रोसेसरची कमाल मर्यादाच १०० अंश आहे आणि पातळ लॅपटॉपमध्ये पूर्ण भाराखाली तो ९० च्या पुढे जाणे हा एकट्याने दोष ठरत नाही. दोष दोन फरकांमध्ये दिसतो. सर्वात गरम आणि सर्वात थंड कोअरमध्ये पूर्ण भाराखाली पाच ते आठ अंशांचा फरक मी सामान्य मानतो, आपल्याकडे तो सोळा आहे. आणि ग्राफिक्सचा हॉटस्पॉट सरासरीपेक्षा दहा ते पंधरा अंश वर असणे ठीक आहे, आपल्याकडे तो एकवीस आहे. दोन्ही चिपवर एकाच वेळी असा फरक दिसतो, तेव्हा माझा पहिला संशय पेस्टवर जात नाही, तो पॅडच्या जाडीवर जातो.

कारण समजून घ्या. आपल्या यंत्रात प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यावरून जाणारा हीटसिंक बहुधा एकच अखंड तुकडा असेल. मेमरी चिपवरचा पॅड गरजेपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आणि वर कडकही असला, तर तो हीटसिंकला त्या बाजूने उचलून धरतो. मग स्क्रू कितीही आवळले तरी चिपच्या एका कडेला पेस्टचा थर जाड राहतो. मूळ पॅड वर्षानुवर्षे दाबले जाऊन ठिकठिकाणी वेगवेगळे चपटलेले असतात, त्यामुळे फाटलेला तुकडा पट्टीने मोजून खरी जाडी कळत नाही. पहिले तीन आठवडे तापमान बरे राहिले, याचेही उत्तर यातच आहे. ताजी पेस्ट ती फट भरून काढत होती. लॅपटॉपमधल्या चिपवर धातूचे झाकण नसते, उघड्या सिलिकॉनवरच हीटसिंक टेकतो. प्रत्येक वेळी तापताना आणि थंड होताना दोन्ही पृष्ठभाग किंचित हलतात आणि पातळ पेस्ट कडेने बाहेर ढकलली जाते. यालाच पंप-आउट म्हणतात. थर जाड आणि दाब कमी असेल तर हे लवकर घडते. थोडक्यात, आपली पेस्ट बाहेर गेली असणार हे खरे, पण ती जाण्याचे मूळ कारण पॅडमध्ये असावे.

याची खात्री लॅपटॉप चालू न करता करून घेता येते. चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा आणि हीटसिंक उचलण्याआधी सर्व स्क्रू एकदम न काढता त्यांच्याशेजारी छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडे थोडे सैल करा. जुन्या पेस्टचा ठसा पाहा आणि त्याचे छायाचित्र घेऊन ठेवा. एका बाजूला दाट लेप आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरी चिप दिसली, तर शंका राहणार नाही. त्यानंतर दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, थोडीशी पेस्ट लावून, पॅड पूर्ण काढून ठेवलेल्या अवस्थेत हीटसिंक एकदा बसवा आणि परत उचला. हा ठसा एकसारखा आला आणि पॅड लावल्यावरचा तिरका आला, तर दोषी पॅडच आहेत. या अवस्थेत यंत्र सुरू मात्र करू नका, कारण मेमरी आणि व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांना तेव्हा कूलिंग नसते.

उपाय म्हणून मी थर्मल पुट्टी सुचवेन. ती लोण्यासारखी मऊ असते, जेवढी फट असेल तेवढीच भरते आणि हीटसिंकला उचलून धरत नाही, त्यामुळे जाडीचा प्रश्नच मिटतो. चिपवर मात्र पुन्हा साधी पेस्ट न लावता पीटीएम७९५० ही फेज-चेंज शीट लावावी. खोलीच्या तापमानाला ती घट्ट असते आणि साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरते, पण पेस्टसारखी सहज बाहेर ढकलली जात नाही. लावण्याआधी ती थोडा वेळ शीतकपाटात ठेवली तर वरचे प्लास्टिक स्वच्छ निघते. पहिल्या दिवशी आकडे थोडे जास्त दिसले तरी घाबरू नका. आठ-दहा वेळा तापून थंड झाल्यावर थर पातळ होतो आणि तापमान उतरते.

लिक्विड मेटलबद्दलचा आपला संकोच योग्य आहे. त्याची उष्णता वाहण्याची क्षमता नक्कीच मोठी आहे, पण ते विद्युतवाहक आहे, त्यातले गॅलियम ॲल्युमिनियम पोखरते, आणि आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे दाबच असमान आहे, तिथे ते वाहून शेजारच्या घटकांवर गेले तर मदरबोर्डच जाण्याची भीती असते. संपर्क तिरका असताना भारी पदार्थ लावून काही साधत नाही.

व्होल्टेजचे कुलूप आपल्या यंत्रातला बिघाड नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी उघड झाली. व्होल्टेज बदलण्याच्या सोयीचा गैरवापर करून प्रोसेसरमधला संरक्षित विभाग फोडता येतो, असे तिने दाखवले, आणि त्यानंतर ही सोय बायोसमधूनच (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद होऊ लागली. परंतु थ्रॉटलस्टॉपमध्ये शक्तीची मर्यादा बदलणे अनेकदा शक्य असते. गेमसाठी प्रोसेसरला दीर्घकाळ ४५ ते ५५ वॉटवर बांधून ठेवा. बहुतेक गेमना त्याहून अधिक लागत नाही. ग्राफिक्सवर असे कुलूप नसते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या व्होल्टेज आलेखात ८०० मिलिव्होल्टला साधारण १६५० मेगाहर्ट्झपासून सुरुवात करा आणि अस्थिर वाटल्यास गती थोडी कमी करा. चिप खात असलेली शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज दहा टक्के उतरवला तर तीच गती ठेवूनही शक्ती जवळपास एकोणीस टक्के घटते. आणि हीट पाइप सामाईक असतील तर ग्राफिक्सने वाचवलेले वॉट प्रोसेसरलाही थंड करतात. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फळ याच एका बदलाने मिळते आणि तरीही लोक तो सर्वात शेवटी करतात.

रॅम व एसएसडी त्याच बैठकीत बसवू नका. तिन्ही बदल एकत्र केले आणि तापमान चुकले, तर कशामुळे चुकले ते कळणार नाही. शिवाय दुसरी रॅम स्टिक बसल्यावर प्रोसेसरला मेमरीची वाट कमी पाहावी लागते, तो अधिक काम करतो आणि अधिक तापतो. म्हणून आधी कूलिंग, मग रॅम, असा क्रम ठेवा.

प्रतिसाद दुसरा

वरील निदानाशी सहमत आहे. मी फक्त रॅमविषयी लिहितो. आपण सांगितलेला झटका केवळ उष्णतेचा नसावा. एकच स्टिक असल्यामुळे आपले यंत्र सिंगल चॅनलवर (मेमरीच्या एकाच मार्गावर) चालते आणि डीडीआर४-३२०० ला त्यात २५.६ गिगाबाइट प्रतिसेकंद एवढीच कमाल बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) मिळते. दोन स्टिक असल्या की ती ५१.२ होते. याचा परिणाम सरासरी फ्रेम रेटपेक्षा सर्वात कमी एक टक्का फ्रेमवर, म्हणजे सर्वात संथ क्षणांवर, ठळक दिसतो. दुसरी स्टिक १६ जीबीचीच आणि शक्य तितकी पहिल्यासारखी घ्या. जुन्या स्टिकच्या लेबलवर रँक आणि चिपची रुंदी (स्टिकवरच्या चिपची रचना) छापलेली असते, ती आधी वाचून घ्या. अधिक गतीच्या रॅमवर खर्च करू नका. या प्रोसेसरवर ती ३२०० लाच चालेल.

आणखी एक सूचना. साडेतीन वर्षांचे यंत्र आहे, म्हणून झाकण उघडाल तेव्हा बॅटरी फुगली नाही ना, हे अवश्य पाहा. टचपॅड किंचित वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर पुढचे काम थांबवून आधी बॅटरी बदला. लॅपटॉप बहुतांश वेळ चार्जरवर असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. ठसा पाहिला आणि पहिल्या प्रतिसादात लिहिलेले अक्षरशः खरे निघाले. ग्राफिक्सच्या डाव्या कडेला पेस्ट जवळजवळ एक मिलिमीटर जाड होती, तर उजव्या कोपऱ्यात चिप कोरी दिसत होती. प्रोसेसरवरही ज्या बाजूला कोरेपणा होता, गरम कोअर त्याच बाजूचे असावेत. पॅड काढून बसवल्यावर ठसा एकसारखा आला. मी केलेल्या मोजमापाच्या चुकीमुळे यंत्र चार महिने त्या अवस्थेत चालले, याचे वाईट वाटते.

आता मेमरीवर पुट्टी आणि दोन्ही चिपवर फेज-चेंज शीट आहे. पहिल्या दिवशी सुधारणा फारशी जाणवली नाही, पण आठवड्याभरात आकडे स्थिरावले. सिनेबेंचच्या त्याच दहा मिनिटांत प्रोसेसर ७५ वॉट टिकवून ९१ अंशांवर राहतो आणि कोअरमधला फरक सहा अंश आहे. गेममध्ये प्रोसेसर ५० वॉटवर बांधून आणि ग्राफिक्स ८०० मिलिव्होल्टवर १६२० मेगाहर्ट्झला ठेवून (१६५० वर एक गेम बंद पडत होता) ग्राफिक्स ७३ आणि हॉटस्पॉट ८५ अंश दिसतो. पंख्यांचा आवाजही उतरला आहे. बॅटरी सुदैवाने सपाट आहे.

त्यानंतर दहा दिवसांनी रॅम बसवली. प्रोसेसर गेममध्ये तीन अंशांनी अधिक तापू लागला, आणि तो झटका जवळपास नाहीसा झाला.

एसएसडी अजून बसवलेली नाही, कारण दुसरा एम.२ स्लॉट ग्राफिक्सच्या हीट पाइपला अगदी लागून आहे आणि झाकण व स्लॉट यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटर जागा दिसते. तिथे एकाच बाजूला चिप असलेली एसएसडी घेऊन तिच्यावर पातळ पॅड लावावा आणि उष्णता झाकणाकडे जाऊ द्यावी, की पॅड न लावता हवा खेळती ठेवावी? अशा जागी एसएसडी बसवलेल्या सदस्यांनी पूर्ण भाराखालचे तापमान कळवल्यास मी त्यानुसार निर्णय घेईन.