मदत हवी आहे: कुंपणावरची वेल वाळली, उपटू का?

अंगणवेल: वेंगुर्ल्याजवळ राहतो. पाऊस होता तोवर वेल मस्त फुलत होती, आता पार वाळली. रोज पाणी घालतोय, बुरशीचं औषध मारलं, फरक शून्य. उपटू का? लवकर सांगा, उद्या गडी येतोय.

कातळसडा: कसली वेल? फोटो टाका.

सुपारीबाग: मधुमालती असणार. गुडघाभर ठेवून छाटा, बुंध्याशी शेणखत घाला. आमची अशीच परत फुटली.

कातळसडा: नाव कळायच्या आत छाटणी कसली सुचवताय? पानं-फुलं कशी होती?

अंगणवेल: फोटो काढण्यासारखं काही उरलंय कुठे! पानाचं टोक वळून तारेला धरायचं. फुलं आधी हिरवट-पिवळी, मग लालभडक, पाकळ्या वर वळलेल्या. आता शेंगा तडकून आत लाल बिया दिसतायत.

कातळसडा: मग ही कळलावी. मेली नाही. पाऊस सरला की वरचा भाग वाळतोच, कंद खाली जिवंत असतो, पुढच्या पावसात फुटतो. पाणी आजच बंद करा, कुजेल तो. काढायचाच तर जपून, कंदाच्या टोकाला कोंब असतो. तो मोडला की संपलं.

सुपारीबाग: कळलावी दारात ठेवूच नये, घरात भांडणं लागतात.

पडवी: भांडणाचं राहू द्या. घरात लहान मूल आहे का?

अंगणवेल: मुलगी आहे तीन वर्षांची, त्याच बिया घेऊन भातुकली खेळते. का? गड्यालाही कंद हवाय, सुनेच्या बाळंतपणासाठी.

पडवी: अहो, हे आधी सांगायचं! बिया आत्ता काढून घ्या, तिचे हात धुवा. कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचं जहाल विष असतं, उकळूनही जात नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, त्यावर उतारा नाही. तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा, सोबत वेलीचा तुकडा न्या. कंद गड्याला अजिबात देऊ नका.

माजघर: आमची आजी सुईण होती. अडलेल्या बाईच्या बेंबीवर कंदाचा लेप लावायची, पोटात कधीच द्यायची नाही. काही झालं नाही कुणाला.

पडवी: लेपसुद्धा नको. आयुर्वेदात हिची गणना उपविषात आहे, शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय वैद्य वापरत नाहीत. सुनेला दवाखान्यातच न्यायला सांगा.



अंगणवेल: बिया, शेंगा सगळं काढलं. तिने तोंडात घातलेलं नाही, आईसमोरच खेळत होती. गड्याला नाही म्हणतो. कंद जागेवरच ठेवतो, भोवती जाळी मारतो. जाळी किती उंच हवी?