पुरात घर-रान गेलेल्या मामांना सावरायला काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझे मामा-मामी माढा तालुक्यातले, सीनेकाठचे. सप्टेंबर 2025 च्या पुरात घरात पाणी शिरलं, दावणीच्या म्हशी गेल्या आणि रान खरडून खाली नुसता मुरूम उरला. तेव्हापासून दोघं सोलापुरात आमच्या शेजारीच भाड्याच्या खोलीत राहतात.

मामी बरीच सावरली. गल्लीतल्या एका बाईंकडे कडक भाकरी थापायला जाते. चार बायकांत बोलणं होतं, स्वतःचे पैसे हातात येतात. मामांचं मात्र अवघड आहे. अवकाळीची साधी सर आली तरी रात्री उठतात आणि गटारीचं पाणी कुठवर चढलंय ते दारात उभं राहून बॅटरीनं बघत बसतात. दिवसा मदतीच्या पैशांचा मेसेज आला का, एवढंच. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत चला म्हटलं तर "मला काय याड लागलंय व्हय?" म्हणून तोंड फिरवतात.

युद्धामुळे देश सोडलेल्या निर्वासितांबद्दल हल्ली बरंच वाचलं. डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगांइतकंच नंतरचं ताटकळणं माणसाला पोखरतं, हे वाचताना मामाच समोर आले: कागद अडकलेले, काम नाही, ओळखीचं माणूस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तर साफ म्हटलंय की, काय घडलं ते सांगायला कुणाला भाग पाडू नका. म्हणून आलेल्या पाहुण्यांना मी आधीच सांगते, पुराचा विषय तुम्ही काढू नका, मामांनी काढला तर मात्र शांतपणे ऐका.

याच संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' नावाची, मनावरचा ताण हलका करायला शिकवणारी पाच बैठकांची पद्धत आहे. डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण घेतलेली माणसंही ती घेतात. सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागात मराठीतून ती घेणारं कुणी आहे का? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मामांच्या आधी मीच फोन करून घरच्यांनी कसं वागावं हे विचारलं तर चालेल का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न कामाचा. ओळखीच्या एकांच्या गोठ्यावर सकाळी धारा काढायला माणूस हवाय. मामांचा हात त्यात बसलेला आहे, पाठवावं असं फार वाटतं. पण म्हशी बघून त्यांना उभारी येईल, की जखमेवरची खपली निघेल? 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर किंवा 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर ज्यांनी घरातलं माणूस असं सांभाळलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गोठेवाल्यांना या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे.