विषय: आईच्या खोलीतील खिडकीच्या जागी परसात उघडणारा दरवाजा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आमचे नागपूरचे घर त्रिमूर्तीनगरात आहे. १९८८ च्या सुमारास बांधलेले, एकमजली, भिंती नऊ इंची विटांच्या. आईच्या खोलीची पश्चिमेकडील खिडकी चार फूट रुंद व चार फूट उंच असून तिच्या पलीकडे परसात संत्र्याचे झाड, मोगरा आणि तुळशीवृंदावन आहे. आईचे गुडघे आता दुखतात आणि तुळशीला पाणी घालण्यासाठी तिला स्वयंपाकघरातून संपूर्ण वळसा घालून जावे लागते. म्हणून त्या खिडकीच्या जागी दोन झडपांचा दरवाजा आपल्या हातांनी बसवावा, असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले आहे. इथे कॅनडात, मिसिसागाच्या घरी आम्ही हेच काम केले होते. रीतसर परवानगी काढली, भिंतीच्या लाकडी सांगाड्यात खिडकीपेक्षा रुंद जागा कापली, वर जाड आडवा वासा टाकला आणि तयार दरवाजा चौकटीसह उभा केला. नागपुरातही सहा फूट रुंदीचा दरवाजा करावा असे मनात आहे. डिसेंबरात आम्ही तीन आठवड्यांसाठी येत आहोत. तेवढ्या दिवसांत हे होऊ शकेल का, याविषयी कृपया जाणकारांनी लिहावे.

आपली,
एक सभासद, मिसिसागा

---

ताई, नमस्कार.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. तिकडे मुलाकडे राहत असताना आपल्या मराठी मंडळाचा सभासद झालो आणि आता पुन्हा प्रतापनगरात असतो. तुमचे काम तीन आठवड्यांत होईल, परंतु सहा फुटांचा विचार सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या तिकडच्या घरात भार लाकडी खांबांवर असतो. नागपूरच्या या घरात भिंत स्वतःच भार पेलते. खिडकीवरचे काँक्रीटचे लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, दोन्ही टोकांना सहा ते आठ इंच विटांवर टेकलेले असते आणि वरच्या भिंतीचे व स्लॅबचे ओझे ते बाजूंच्या विटांकडे पोहोचवते. त्यामुळे खिडकीच्या खालच्या विटांवर वरचे ओझे नसते. चार फुटांच्या रुंदीतच सरळ खाली उतरलात, तर लिंटेलला धक्काही लागत नाही. रुंदी वाढवायला गेलात की सर्वांत आधी त्याचे टेकणच निघून जाते. शिवाय आपल्याकडे लिंटेल आणि छज्जा एकत्रच ओतलेले असतात, आणि छज्जा तोल सांभाळून राहतो तो त्याच्यावर बसलेल्या भिंतीच्या वजनामुळे आणि लिंटेलच्या दोन टोकांमुळे. एका घरी माझ्या डोळ्यांदेखत गवंड्याने टेकू न लावता बाजूच्या विटा काढल्या आणि अडीच फुटी छज्जा अख्खा खाली आला. खाली तेव्हा कोणी नव्हते, पण पाचच मिनिटांपूर्वी घरातील मूल तिथे खेळत होते. तो आवाज मी विसरलेलो नाही.

चार फुटांत दोन सारख्या झडपा केल्या तर चौकट वजा जाता प्रत्येक झडप साडेएकवीस इंचांची होते. हातात तांब्या घेऊन, गुडघे सांभाळत जाणाऱ्या बाईंना ती अपुरी पडेल आणि रोज दोन्ही झडपा उघडाव्या लागतील. म्हणून एक झडप अठ्ठावीस इंचांची आणि दुसरी पंधरा इंचांची ठेवावी. रोजच्या वापराला मोठी पुरेल आणि पलंग बाहेर काढायचा असेल तेव्हा दोन्ही उघडता येतील.

लाकूड लकडगंजातून, मुरलेले सागवानच घ्यावे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेले, ते आपल्या अगदी शेजारचे. चौकटीची भिंतीला लागणारी बाजू डांबराने रंगवावी, कारण वाळवी तिथूनच शिरते. पश्चिमेचा दरवाजा पूर्ण काचेचा करू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर दुपारनंतर ती खोली भट्टी होईल. खालचा भाग लाकडी, वर काच आणि आतून डासांच्या जाळीची झडप, असे करावे. दरवाजा बाहेर उघडणारा असावा, म्हणजे पावसाचा वारा झडपांना चौकटीवर दाबून धरतो. उंबरठा कडप्प्याचा करावा आणि त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीत लागतो? तो याच खिडकीत लागत असेल, तर आईंचा पुढचा उन्हाळा कसा जाईल याचा निर्णय आधी करावा आणि मग विटेला हात लावावा. कूलर दुसऱ्या खिडकीत नेला तरी खोलीतील दमट हवा बाहेर जाण्यासाठी समोरच्या बाजूला वाट हवी, आणि तुमच्या नव्या दरवाजाची वरची काच उघडती ठेवली तर ती वाट आपोआप मिळते. म्हणून ती काच बंदिस्त करू नका.

बाहेरच्या पायऱ्या भिंतीत गुंतवू नयेत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला जोडलेली पायरी दोन वर्षांत सुटते आणि जाताना गिलावाही ओढून नेते. तेवढ्या भागातील काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा, पायऱ्या स्वतंत्र उभ्या कराव्यात आणि भिंतीलगत अर्धा इंच फट सोडावी. जोते दोन फूट असेल तर सहा-सहा इंचांचे चार चढ येतील. एका बाजूला आधाराचा दांडा अवश्य लावावा.

तोडण्यापूर्वी मंजूर नकाशा घेऊन एखाद्या परवानाधारक अभियंत्याला घर दाखवावे.

आपला,
प्रतापनगर, नागपूर

---

काका,

आपले पत्र आम्ही दोघांनी तीनदा वाचले. सहा फुटांचा विचार सोडला आहे. कूलर त्याच खिडकीत लागतो आणि इतक्या दुरून आम्हाला ते आठवलेही नव्हते, याचे मनापासून वाईट वाटले. आई म्हणाली की उत्तरेच्या खिडकीत कूलर चालेल. तोडण्याचे काम आम्ही स्वतः करू शकतो का? भावाने पाहून सांगितले की कूलरचा प्लग खिडकीच्या खालीच, भिंतीत बसवलेला आहे.

---

ताई,

तोडकाम तुम्ही करू शकता; चौकट मात्र ओळंबा धरून बसवणाऱ्या सुताराच्या हाताखाली राहून बसवावी. खालच्या तीन फुटांत सुमारे सव्वाशे विटा आहेत, म्हणजे जवळजवळ अर्धा टन मलबा निघेल. आधी खिडकीची जाळी, तिचे भिंतीत रुतलेले पाय कापून काढावी. मग दोन्ही उभ्या रेषा आतून आणि बाहेरून कटर मशीनने कापून घ्याव्यात, म्हणजे बाजूच्या विटा हादरत नाहीत. त्यानंतर वरच्या थरापासून एकेक वीट छिन्नीने सोडवावी. घण वापरू नये. सिलच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या, पातळीवर लोखंडी सळ्यांचा पट्टा लागला तर तिथेच थांबून अभियंत्याला बोलवावे.

प्लग मात्र कटर हातात घेण्यापूर्वी वायरमनकडून हलवून घ्यावा. त्याच्या वायरींची नळी भिंतीत कुठून जाते हे त्याला विचारून दोन्ही बाजूंनी खडूने रेषा काढून ठेवाव्यात आणि कापताना त्या भिंतीतील वायरींची वीज बंदच असावी. उत्तरेच्या खिडकीजवळ नवा प्लग बसवताना तो कूलरच्या टाकीपासून दूर आणि पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर घ्यावा. तीन पिनांची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते आहे का, हे वायरमनला मीटर लावून तुमच्यासमोर तपासायला सांगावे, कारण उन्हाळ्यात ओल्या हातांनी त्या कूलरला आईच हात लावणार आहेत.